तज्ज्ञांचा कौल, नागरिकांची कसोटी

दरवर्षी १ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचे भाषण संपते न संपते तोच वाहिन्यांवर अर्थतज्ज्ञांचे कौल सुरू होतात. कोणी अर्थसंकल्पाला दहापैकी नऊ गुण देतो, कोणी चार. निकष कोणता, हे क्वचितच कळते. मुदतठेव मोडावी की ठेवावी, घरासाठी कर्ज काढावे की थांबावे, याचे निर्णय मध्यमवर्गीय कुटुंबे अशाच चर्चा ऐकून घेत असतात. त्यामुळे हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी जाहीर वादात उतरूच नये, असा याचा अर्थ नव्हे. इंग्लंडमध्ये रूढ झालेले अर्थशास्त्रीय सिद्धान्त हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात सकारण मांडले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात १९५५ मध्ये प्रा. बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. साधनांच्या आवाक्याबाहेरची योजना तुटीच्या अर्थभरण्यावर रेटली, तर महागाई वाढेल, असा त्यांचा इशारा होता. पुढे १९५७ मध्ये देश परकीय चलनाच्या संकटात सापडला. शेणॉय यांची सर्वच मते मान्य करण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी आपली कारणे लेखी नोंदविली होती, म्हणूनच ती पुढे ताडून पाहता आली.

आजच्या चर्चेत नेमके हेच हरवते. बँकेचा किंवा दलाली पेढीचा अर्थतज्ज्ञ व्याजदर कपातीची मागणी करतो, तेव्हा त्यात त्याच्या संस्थेचे हित किती, हे प्रेक्षकाला उमगत नाही. विशिष्ट समभागाची जाहीर शिफारस करणाऱ्या विश्लेषकाने आपले हितसंबंध उघड करावेत, असे ‘सेबी’चे २०१४चे नियम सांगतात. सर्वसाधारण आर्थिक भाष्य मात्र त्या कक्षेबाहेर राहते. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१२ मध्ये आपल्या नियतकालिकांतील लेखकांना हितसंबंध जाहीर करणे बंधनकारक केले आणि वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरील भाष्यातही तेच पथ्य पाळण्याचे आवाहन केले. आपल्या वाहिन्यांनी हे पथ्य स्वतःहून स्वीकारण्यास कोणती अडचण आहे?

वक्त्याचे नाव पडद्यावर येते, त्याखाली त्याच्या संस्थेचे हितसंबंधही यावेत. त्याने गतवर्षी केलेले भाकीतही दाखवावे. तोवर नागरिकांनीच तीन प्रश्न विचारावेत : गृहीतक कोणते? लाभ कोणाचा? मागचा अंदाज किती खरा ठरला? या प्रश्नांना सामोरा जाईल, तोच तज्ज्ञ विश्वासास पात्र समजावा. पदव्यांच्या वजनाने तर्काची उणीव भरून निघत नसते.