उस्ताद कोठून आणावयाचे?

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता सणसर, लासुर्णे मागे टाकून अंथुर्ण्यास पोहोचतो. आषाढीच्या वारीत तुकाराम महाराजांची पालखी याच मार्गाने पंढरपुरास जाते. एरवी पहाटेच्या अंधारात अशा रस्त्यांवर जी पावले वाजतात ती सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांची. पुण्यात दूधवाल्याचीही हाक आलेली नसते, त्या वेळी आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावांत अठरा-एकोणीस वर्षांची पोरे सोळाशे मीटरचे अंतर घड्याळ लावून कापीत असतात. शेजारी उभा राहून त्यांना दरडावणारा बहुधा सैन्यातून परतलेला एखादा हवालदार असतो.

ही मुले सैन्यात का जातात, या प्रश्नाचे उत्तर शहरातील दिवाणखान्यांत फार लवकर सापडते. कोणी म्हणतो देशप्रेम, कोणी म्हणतो पोट. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. नीरा डाव्या कालव्याने शिवारे हिरवी केली, परंतु कालव्याच्या पाण्याने जमिनीचे एकर वाढत नाहीत; तीन भावांत वाटणी झाली की तिसऱ्यास नोकरी पाहावीच लागते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र सैन्यात शिरण्याचे कारण आणि सैन्यात टिकण्याचे कारण एकच असते असे मानणे, ही आमच्या पांढरपेशा वर्गाची जुनी गफलत आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांची पाहणी सॅम्युएल स्टौफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत लढणाऱ्या माणसाने मोठ्या ध्येयांची नावे क्वचितच घेतली. हातातले काम संपवावे आणि शेजारच्या गड्यास उघड्यावर सोडू नये, एवढेच त्याने पुनःपुन्हा सांगितले.

हे समजण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. नगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीच्या काठी प्रथम काय केले? शत्रूच्या मशीनगनांवर झडप घालण्यापूर्वी त्यांनी आपले दोन जखमी सोबती, एकामागून एक, सुरुंगांच्या पट्ट्यातून आणि खोल पाण्यातून पलीकडे पोहोचविले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यानंतरचा. रामा राघोबा राणे यांची गोष्ट तर खडकीच्या बाँबे सॅपर्सची, म्हणजे जवळजवळ आपल्या घरचीच. १९४० मध्ये साधे रंगरूट म्हणून भरती झालेले राणे नाईक, हवालदार अशा पायऱ्या चढत अधिकारी झाले. ८ एप्रिल १९४८ रोजी नौशेरा-राजौरी मार्गावर सुरुंग काढताना तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन सहकारी पडले आणि स्वतः राण्यांसह पाच जण जखमी झाले. त्यांनी तेथेच टोळी पुन्हा बांधली व काम चालू ठेवले. त्या कामासाठी परमवीर चक्र मिळाल्यावरही ते १९६८ पर्यंत सैन्यात राहिले.

टोळी पुन्हा बांधणे ही विद्या पुस्तकातून येत नाही. वारीत नवखा वारकरी पावली शिकतो तो जुन्याच्या शेजारी पाय टाकून; पलटणीतही तसेच आहे. तेथे शिकविणाऱ्या हवालदारास 'उस्ताद' म्हणतात, आणि बंदूक कशी धरावी यापेक्षा भीती कशी धरावी हे तोच शिकवितो. पंधरा वर्षांनी निवृत्तिवेतनाचा हक्क पदरात पडल्यावरही पुष्कळ माणसे घरी परतत नाहीत. पुढच्या हुद्द्याने वेतन वाढते हे कारण आहेच. ते नाकारण्याचा ढोंगीपणा आम्ही करणार नाही. परंतु दहा पोरे आपल्या हाताखाली दिली आहेत, ती आपल्याकडे पाहून उठतात-बसतात, ही जाणीव माणसाला जसे बांधून ठेवते तसे वेतन ठेवीत नाही. सेवेत राहिला म्हणून तो शिकवितो, इतकेच नव्हे. शिकवितो म्हणूनही तो सेवेत राहतो.

अग्निपथ योजनेकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही. जून २०२२ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा चार वर्षांची सेवा, शेवटी सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी, आणि जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना पुढे पंधरा वर्षे कायम, असे तिचे स्वरूप सांगण्यात आले. निवृत्तिवेतन नाही, यावर वादळ उठले, आणि ते स्वाभाविक होते. सरकारचे समर्थन असे की, सैन्याचे सरासरी वय ३२ वरून २६ वर येईल. उंच पहाडांवर तरुण फुप्फुसे हवीत हे कोण अमान्य करील? पण त्या सरासरीतून जो वगळला जाणार आहे, तो तिशी ओलांडलेला मनुष्य म्हणजेच आपला उस्ताद, हे विसरता कामा नये. चार वर्षांपैकी पहिले सहा-सात महिने प्रशिक्षणात जातात आणि शेवटचे वर्ष 'माझी निवड होईल काय' या चिंतेत. त्यातही ज्याच्याशी स्पर्धा आहे त्याच सोबत्याला मनापासून शिकवावयाचे! हे मनुष्यस्वभावाकडे फारच मोठे मागणे आहे.

२०२३ च्या आरंभी प्रशिक्षणास बसलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ संपता संपता भरतात. जे पाऊणपट घरी परततील त्यांच्यातले काही अंथुर्ण्यासारख्या गावच्या रस्त्यावर पोरांना धावावयास लावतील; त्यांना शाळांच्या मैदानांवर मानाने बोलावणे हे राज्य सरकारचे व जिल्हा परिषदांचे काम आहे. उरलेल्या एक-चतुर्थांशांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. धाव, नेमबाजी आणि लेखी परीक्षा यांचे गुण मोजणे सोपे असते. आपल्याहून कच्च्या गड्याला कोणी सांभाळून घेतले, हे मात्र त्या गड्यालाच विचारावे लागते. निवडीच्या पद्धतीत असे विचारण्याची सोय आहे काय, आणि असल्यास त्याला शंभरांपैकी किती गुण आहेत, हे संरक्षण मंत्रालयाने आकड्यांत सांगावे.