परदेशात दवाखाना, मायदेशासाठी वृत्तपत्र

लिथुआनियाच्या राष्ट्रीय चळवळीचा इतिहास उघडला की डॉक्टर भेटत राहतात. पहिलं लिथुआनियन राष्ट्रीय मासिक ‘आउश्रा’ काढणारे योनास बासानाविचियस डॉक्टर. त्यानंतर आलेल्या ‘वार्पास’चे संपादक आणि आजच्या राष्ट्रगीताचे कवी विन्त्सास कुदिर्काही डॉक्टर. हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. रशियन सत्तेविरुद्धच्या 1863च्या उठावानंतर झारच्या सरकारने लॅटिन लिपीतली लिथुआनियन छपाई बंद केली, ती थेट 1904पर्यंत. शिकलेल्या कॅथलिक लिथुआनियन तरुणाला स्वतःच्या मुलखात शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळणंही दुरापास्त होतं. सरकारचं तोंड न बघता पोट भरायचं तर पाद्री व्हा, वकील व्हा, नाहीतर डॉक्टर. ज्या सत्तेशी भांडायचं, तिच्याच पगारावर जगावं लागत नव्हतं, म्हणून ही माणसं भांडू शकली. बासानाविचियस यांचं आयुष्य याचा सर्वांत ठळक पुरावा आहे.

1851 साली शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या मुलाने पाद्री व्हावं, अशी आईवडिलांची इच्छा होती. तो मॉस्को विद्यापीठात गेला, आधी इतिहासाला आणि वर्षभरात वैद्यकशाखेला. 1879मध्ये पदवी हातात पडली आणि नुकत्याच स्वायत्त झालेल्या बल्गेरियात, डॅन्यूबकाठच्या लोम गावी रुग्णालयाची नोकरी मिळाली. मधल्या काळात प्राग मुक्कामी असताना ‘आउश्रा’चा घाट घातला गेला आणि मार्च 1883मध्ये पहिला अंक निघाला. त्याची व्यवस्था बघण्यासारखी आहे. कर्ताधर्ता परक्या देशात, छापखाना सीमेपलीकडच्या जर्मन प्रशियात, आणि वाचक रशियन साम्राज्यात, जिथे ते मासिक बाळगणं हाच गुन्हा. अंक सीमेवरून चोरट्या वाटांनी नेले जात. पकडलं गेलं तर तुरुंग, कधी सैबेरिया. अशा परिस्थितीत तीन वर्षांत चाळीस अंक निघाले.

यावर रास्त आक्षेप येतो: धोका पत्करला तो गठ्ठे वाहणाऱ्या शेतकऱ्यांनी, डॉक्टर तर परदेशात सुखरूप होते. शिवाय रोजचं संपादन प्रशियातल्या मिक्शास, श्ल्यूपास यांच्यासारख्यांच्या खांद्यावर होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बासानाविचियस यांना एकट्याला सगळं श्रेय देणं अन्यायाचंच ठरेल. पण गठ्ठे वाहायला आधी गठ्ठा हवा. दुसरा आक्षेप पाद्र्यांच्या बाजूचा. बिशप वालान्चियस यांनी प्रशियात पुस्तकं छापून आत आणण्याची वाट ‘आउश्रा’च्या कितीतरी आधी पाडली होती. तेही कबूल. मात्र त्या पुस्तकांचा भर धर्मावर होता, आणि पाद्र्याला चर्चची शिस्त सांभाळावी लागे. भाषा आणि इतिहास यांवर उभी असलेली, श्रद्धाळू आणि नास्तिक दोघांनाही सामावणारी ओळख मांडायला चर्चबाहेरचा माणूस लागत होता. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: लिथुआनियन लोकांचं मूळ प्राचीन थ्रेसमध्ये शोधणारे त्यांचे सिद्धांत आज कुणी अभ्यासक मानत नाही. दूर राहिल्याने स्वप्नाळूपणा वाढला असेलही. पण याच माणसाने लोम परिसरातल्या जन्ममृत्यूंची आणि आरोग्याची शास्त्रशुद्ध पाहणी लिहिली, आणि लिथुआनियन लोककथांचे खंडच्या खंड छापले. सिद्धांत कोसळले, कथा उरल्या.

स्वतंत्र कमाई म्हणजे सर्व काही, असंही नाही. कुदिर्कांनी खेड्यापाड्यांत दवाखाना चालवला, तुरुंग पाहिला आणि क्षयाने 1899मध्ये, चाळिशीतच गेले. त्यांच्याकडे दूरचा सुरक्षित देश नव्हता.

बासानाविचियस 1905मध्ये कायमचे विल्न्यूसला परतले. त्याच वर्षी तिथे सुमारे दोन हजार प्रतिनिधींची महासभा भरली, तिने स्वायत्तता मागितली आणि अध्यक्षस्थानी तेच होते. 1907मध्ये त्यांनी लिथुआनियन विज्ञान सभा स्थापन केली. 16 फेब्रुवारी 1918च्या स्वातंत्र्याच्या ठरावावर वीस सह्या आहेत, त्यांतली पहिली त्यांची. पुढे विल्न्यूस पोलंडच्या ताब्यात गेलं आणि लिथुआनियाचं सरकार कौनासहून चालू लागलं, तरी ते विल्न्यूसमध्येच राहिले आणि 16 फेब्रुवारी 1927 रोजी तिथेच वारले. ज्या देशाच्या जाहीरनाम्यावर पहिली सही केली, त्या देशात त्यांनी मंत्रिपद कधीच घेतलं नाही.