उज्जयिनीचा चोर शर्विलक

अँटी-हीरो ही पाश्चात्त्यांकडून आलेली चीज, असे आपण सहज बोलून जातो. मग शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’मधला शर्विलक कोण? देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिक’मुळे (१८८७) हे नाटक नाट्यवेड्या गोमंतकाला परके नाही.

उज्जयिनीतला हा ब्राह्मण. प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवायला पैसा नाही, म्हणून रात्री चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. माप घ्यायला चक्क जानवे वापरतो! हातात कसब आणि जिभेवर सबब तयार. आपण वाईट करतो हे त्याला कळते, म्हणूनच तो स्वतःशी वाद घालत बसतो. राजाचा मेहुणा शकार याला अशी गरजच पडत नाही. खलनायक आणि अँटी-हीरो यांतला फरक मला इथे दिसतो. पुढे मित्र आर्यक कैदेत पडल्याचे कळताच हाच शर्विलक मदनिकेला मागे ठेवून त्याला सोडवायला धावतो. असा माणूस आवडणारच.

पण त्याच्या चोरीची भरपाई कोणी केली? चोरीला गेलेले दागिने वसंतसेनेची ठेव होते. नवऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून चारुदत्ताची पत्नी धूता हिने आपली माहेरची रत्नमाला काढून दिली. तिचा काय अपराध?

मी सरकारी कारकून. ‘माझा नाइलाज होता’ हे वाक्य टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकतो, कधी स्वतःही बोलतो. तेव्हा मला धूता आठवते. शर्विलकावर जरूर प्रेम करा. फक्त पावती कोणाच्या नावावर फाटली, तेही एकदा पाहा.