उंदरांना बाराही महिने दार बंद

आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर घराकडे वळतात. दिवाळीच्या सुमारास भातकापणी झाली की शेतातले येतात. उन्हाळ्यात मोरीचा ओलावा त्यांना ओढतो. म्हणून बंदोबस्तही बारमाही हवा.

आमच्या सूनबाई धारवाडकडच्या. खुडबुड ऐकली की त्या आधी विचारतात, ‘इली की हेग्गण?’ प्रश्न बरोबर आहे. इली म्हणजे आपला उंदीर, तो कौलांतून, वाशांवरून येतो. हेग्गण म्हणजे घूस, ती मोरीकडून जमीन उकरत येते.

पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदराचं पिल्लू आत शिरतं. मी दर महिन्याला पेन्सिल घेऊनच दाराखालची फट, नळाभोवतीचं भोक, कौलांची कड तपासते. भोकात तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावावं. चिंधी कुरतडली जाते. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी, तांदूळ-जोंधळे पत्र्याच्या डब्यात, खरकटं झाकून. एवढं करूनही आलाच, तर पिंजरा.

विषारी पेस्ट मात्र आमच्या घरात येत नाही. भाकरीच्या तुकड्याला लावलेली पेस्ट रांगतं मूल सहज तोंडात घालतं. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर उतारा नाही. मूल एक-दोन दिवस बरं दिसतं, आणि मग यकृत निकामी होऊ शकतं. तसं घडलंच, तर मूल हसतंखेळतं असलं तरी वाट पाहू नका. पेस्टची ट्यूब सोबत घेऊन लगेच मोठा दवाखाना गाठा.