विश्लेषण : गिटारवर वादकाची सही, मग मिरजेच्या तंबोऱ्यावर कोणाची?

एरिक क्लॅप्टनच्या सहीची इलेक्ट्रिक गिटार आज सातारा-सांगलीतला कोणीही तरुण मोबाइलवरून मागवू शकतो. खिशात तेवढे पैसे मात्र हवेत. सांगलीपासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे आणि सतारी घडतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले, हे चांगलेच झाले. पण वाद्य गाव घडवत नाही, माणूस घडवतो. त्याच्या नावाचे काय, हा प्रश्न मानांकनानंतरही तसाच आहे.

‘सिग्नेचर’ गिटार म्हणजे नेमके काय?

नामवंत वादकाच्या पसंतीप्रमाणे बनवलेली, त्याच्या नावाने विकली जाणारी आणि बहुतेक वेळा विक्रीतला वाटा त्याला मिळवून देणारी गिटार. या प्रकारातली सर्वांत गाजलेली म्हणजे १९५२ ची गिब्सन लेस पॉल. लेस पॉल या वादकाने आधी लाकडाच्या ठोकळ्यावर तारा चढवून भरीव गिटार करून पाहिली होती. तेव्हा गिब्सनने त्याला दारातूनच परत पाठवले. पुढे लिओ फेंडरची भरीव गिटार बाजारात चालू लागली, तेव्हा त्याच कंपनीला लेस पॉलची आठवण झाली. करार झाला आणि प्रत्येक गिटारमागे त्याला मानधन मिळू लागले. १९६१ मध्ये कंपनीने गिटारचा आकार बदलला. तो त्याला रुचला नाही आणि काही काळाने त्या गिटारवरून त्याचे नाव उतरले. हीच गिटार पुढे ‘एसजी’ म्हणून ओळखली गेली. नाव देणाऱ्याला नाव काढून घेता येते, ही यातली खरी ताकद.

सही म्हणजे फक्त जाहिरात का?

बऱ्याचदा हो. पण ब्लूजचा बादशहा बी. बी. किंग याची ‘ल्युसिल’ पाहा. १९४९ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या ट्विस्ट नावाच्या गावी नाचगाण्याच्या जागेत दोघांत मारामारी झाली, रॉकेलची शेगडी उलटली आणि आग लागली. बाहेर पडलेला किंग गिटारसाठी पुन्हा आत धावला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होते, हे कळल्यावर त्याने गिटारला तेच नाव दिले, पुन्हा असला मूर्खपणा होऊ नये म्हणून! पोकळ गिटारचा एक त्रास असतो. मोठा आवाज लावला की स्पीकरचा नाद पोकळीत घुमतो आणि शिट्टी वाजते. किंग गिटारच्या भोकांत कापड कोंबून काम भागवत असे. १९८० मध्ये गिब्सनने त्याच्या नावाचे मॉडेल काढले, तेव्हा ती भोकेच ठेवली नाहीत. वादकाची अडचण वाद्यात उतरली, ती अशी.

आपल्याकडे असे कधी झाले नाही?

झाले की. सतारीच्या दुकानात आजही ‘रविशंकर पद्धतीची’ आणि ‘विलायत खाँ पद्धतीची’ असे दोन प्रकार सांगितले जातात. पहिलीत खर्जाच्या जाड तारा असतात, दुसरीत त्या काढून तारांची मांडणी गायकी अंगाला सोयीची केलेली असते. म्हणजे सिग्नेचर मॉडेल आपल्याकडेही होते. नव्हता तो करार. रविशंकरांसाठी सतार घडवणारे नोदू मल्लिक आणि विलायत खाँ यांच्यासाठी घडवणारे हिरेन रॉय, हे दोघे कोलकात्याचे, निदान जाणकारांना तरी ठाऊक आहेत. मिरजेतल्या किती कारागिरांच्या वाट्याला एवढे आले?

मिरजेच्या परंपरेचा आरंभ फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून मानतात. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. संस्थानी काळात शस्त्रांचे काम ओसरले, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्यदुरुस्तीचे काम आले आणि शिकलगारांचे ‘सतारमेकर’ झाले. व्यवसायाचेच आडनाव झाले. त्यात व्यक्ती मात्र हरवली.

एक तंबोरा अनेक हातांतून जातो. पंढरपूर-मंगळवेढा भागातला कडू भोपळा वाळवायचा, कापायचा, त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडायची, नक्षी, पॉलिश. शेवटी जवारी. घोडीचा पृष्ठभाग केसभर घासून तारेखाली दोरा सरकवायचा, तोवर की तार नुसती वाजण्याऐवजी गुंजू लागेल. हे काम कानावर चालते, मापाची पट्टी येथे उपयोगाची नाही. गवयाच्या काळी एकला जुळणारा मोठा तंबोरा आणि गायिकेच्या काळी चार-पाचसाठीचा लहान तंबोरा, यांचे गणितही वेगळे. साताऱ्याजवळ औंधला १९४० पासून संगीत महोत्सव होतो. तिथे गायकाच्या मागे तंबोरे झंकारतात, तेव्हा श्रोता गायकाला दाद देतो. जवारीला दाद कोण देणार?

मानांकनाने काय साधेल, काय नाही?

जीआय नोंदणी दहा वर्षांची असते, नूतनीकरण करता येते. दुसरीकडे बनलेले वाद्य ‘मिरजेचे’ म्हणून विकण्याला तिने चाप बसू शकतो. पण तंबोऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी दुसऱ्या गावचा तंबोरा नाहीच. १९७९ मध्ये बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला आणि आता तो ॲप होऊन फोनमध्ये बसला आहे. अनेक ॲपमधला नाद कोणत्या तरी खऱ्या तंबोऱ्यावरूनच मुद्रित केलेला असतो. तो घडवणाऱ्याचा उल्लेख सहसा कुठे नसतो. येथे गावाचे मानांकन हतबल आहे.

म्हणून गिटारच्या धंद्यातली एक गोष्ट मिरजेने उचलावी, आणि ती वादकाच्या सहीपेक्षा मोलाची आहे. ॲबिगेल इबारा नावाची बाई १९५६ पासून फेंडरच्या कारखान्यात पिकअपची वेटोळी गुंडाळत होती. तारांची थरथर विजेत बदलणारा हा भाग, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा गळाच. कित्येक वर्षे ती एक कामगार होती. नंतर तिच्या हातच्या पिकअपना इतकी मागणी आली, की कंपनीने ते तिच्या सहीने विकले.

वाद्य एका हातचे नसते, मग नाव कोणाचे घालायचे, असा आक्षेप येईल. सगळ्यांचे घालावे. भोपळ्याच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर चार नावे, साल आणि क्रमांक सहज मावतो. वाद्य एखाद्या मोठ्या गवयाच्या पसंतीचे असेल, तर त्याचेही नाव घालावे आणि पैशाची वाटणी कागदावर आणावी. सुरुवात मोठ्या कलावंतांनी स्वतःहून करायला हवी, कारण कारागीर ती मागणार नाही. ग्राहकाला तो दुखवत नाही.

याचा लाभ गवयालाही आहे. वापराने घोडी झिजते आणि तंबोरा पुन्हा जवारीला न्यावा लागतो. आधीच्या हाताने लावलेला आवाज दुसऱ्या हातून तसाच येईल, याची खात्री नसते. आज त्या हाताचा पत्ता गवयाच्या आठवणीत किंवा दुकानदाराच्या वहीत असतो. चिठ्ठी असेल, तर तो भोपळ्यातच सापडेल.