पोटरीत गोळा, की धमनीला चाप?

कोलकात्याच्या मैदानावर भल्या सकाळी गेलात तर फोर्ट विल्यम ते व्हिक्टोरिया मेमोरियल जिकडे पाहाल तिकडे फुटबॉल दिसतो. पावसाळ्यात तर चिखलातच. त्यात एखादं पोरगं खेळता खेळता थांबतं आणि वाकून पोटरी दाबत बसतं. सोबती ओरडतात, "टान धोरेछे!" म्हणजे आपल्याकडचा 'गोळा आला'. पाणी पी, मीठ-साखर घे, जरा चोळ आणि चल परत. बहुतेक वेळा हा सल्ला बरोबरच असतो. ज्या थोड्यांच्या बाबतीत तो चुकतो, त्यांच्याविषयी आज बोलू या.

साधा गोळा कधीही येतो, रात्री झोपेतसुद्धा. आपण म्हणतो ते दुखणं मात्र घड्याळ लावल्यासारखं वागतं. साधारण तेवढंच अंतर धावलं की तीच पोटरी दुखू लागते, पाऊल बधिर होतं किंवा मुंग्या येतात. दोन-चार मिनिटं थांबलं की सगळं नाहीसं होतं आणि पुन्हा धावलं की पुन्हा तेच. स्नायूला कामाच्या वेळी रक्त कमी पडतंय, असा याचा अर्थ. साठीतल्या मधुमेही किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाला असं झालं तर धमनीत चरबी साचली असेल, हे डॉक्टरांना चटकन सुचतं. पण विशीतल्या धडधाकट मुलाचं काय?

इथे दोष रक्तात नसतो, जागेत असतो. गुडघ्यामागच्या खळग्यातून पायाची मुख्य धमनी खाली उतरते. तिचं नाव पॉप्लिटियल. पोटरीचा मोठा स्नायू तिथेच वर मांडीच्या हाडाला दोन टोकांनी चिकटलेला असतो आणि धमनी त्या दोहोंच्या मधून जाते. आईच्या पोटात पाय घडत असताना या स्नायूचं आतलं टोक आपल्या जागी सरकतं. ते सरकणं आणि धमनीचं तयार होणं यांचा मेळ चुकला, तर धमनी स्नायूला वळसा घालून जाते किंवा एखाद्या जादा पट्ट्याखाली अडकते. मग पोटरी आवळली की धमनी चिमटली जाते, जशी बागेतली नळी पायाखाली यावी. याला पॉप्लिटियल आर्टरी एन्ट्रॅपमेंट सिंड्रोम म्हणतात.

याची पहिली नोंद 1879 सालची आहे आणि ती कुण्या बड्या सर्जनने केलेली नाही. एडिंबरोत शिकणाऱ्या अँडरसन स्टुअर्ट नावाच्या विद्यार्थ्याने एका कापून काढलेल्या पायाचं विच्छेदन करताना धमनीची ही वाकडी वाट पाहिली. (मृतदेह चिरून शिकण्याची वाट आपल्या देशात मोकळी केली ती कोलकात्यानेच. पंडित मधुसूदन गुप्त यांनी 1836 मध्ये तिथल्या मेडिकल कॉलेजात विच्छेदन केलं, तेव्हा समाजात केवढी खळबळ झाली असेल!) त्या नोंदीनंतर प्रत्यक्ष उपचाराला मात्र 80 वर्षं लागली. नेदरलँड्समधल्या लायडनचे डॉ. हॅमिंग यांनी 1959 मध्ये 12 वर्षांच्या एका मुलावर केलेल्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. आजाराला सध्याचं नाव मिळालं ते 1965 मध्ये.

आपल्याकडे एक वेगळीच गफलत होऊ शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांच्या पायांच्या धमन्या बंद पाडणारा बर्जर नावाचा आजार भारतात बराच दिसतो. त्यामुळे तरुण मुलाचा पाय दुखला आणि नाडी क्षीण लागली की तोच शिक्का बसण्याची भीती असते. मुलगा विडीला शिवलेलाही नसेल, तर घरच्यांनी प्रश्न विचारायलाच हवा.

तपासणीची सुरुवात अगदी साधी. गुडघा सरळ ठेवून पाऊल जोराने खाली दाबायचं, मग वर ओढायचं. तेवढ्या वेळात पावलावरची नाडी हरवते का, ते डॉक्टर पाहतात. हेच डॉपलरवरही पाहता येतं. पण रुग्ण नुसता आडवा पडून असताना केलेला डॉपलर चांगला येऊ शकतो, म्हणून पाऊल हलवून तपासणी झाली का, हे जरूर विचारा. मात्र पाऊल जोरात दाबल्यावर बऱ्याच निरोगी माणसांचीही धमनी दबते. म्हणून तेवढ्यावर सुरीखाली जायची घाई नको. त्रास आणि चाचणी जुळली पाहिजे आणि एमआरआय किंवा सीटी अँजिओग्राफीत नेमकं काय अडकवतंय, तेही दिसलं पाहिजे.

वेळेत निदान झालं तर शस्त्रक्रिया समजायला सोपी आहे. रुग्णाला सहसा पालथं झोपवून गुडघ्यामागे चीर देतात, धमनीला आवळणारा स्नायूचा भाग किंवा पट्टा कापतात आणि धमनी मोकळी करतात. कापलेलं स्नायूचं टोक परत जोडावं लागत नाही, चालणं त्यावाचून अडत नाही. पण वर्षानुवर्षं चिमटे बसून धमनी आतून खराब झाली असेल, फुगली असेल किंवा गुठळीने बंद पडली असेल, तर काम वाढतं. मग रुग्णाच्याच पायातली शीर काढून तिथे बसवावी लागते आणि पुढेही डॉपलर करत राहावं लागतं. "नुसता स्टेंट टाकून भागणार नाही का?" असं नातेवाईक विचारतात. बाहेरचा चाप तसाच राहतो आणि गुडघा दिवसभर वाकत असतो, तेव्हा इथे स्टेंटचा भरवसा कमी.

यासाठी हाडांच्या नव्हे, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं. कोलकात्यात एसएसकेएम रुग्णालयात, ज्याला सारं शहर अजूनही 'पीजी' म्हणतं, या शस्त्रक्रियांचा विभाग आहे. मुंबईत केईएममध्येही आहे. पाऊल अचानक गार, पांढरं आणि बधिर पडलं, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. तशा वेळी काही तासांतच पाय गमावण्याची वेळ येते, थेट तातडीच्या विभागात जा.

आणि एका पायाचं निदान झालं असेल, तर दुसराही तपासून घ्या. तो दुखत नसला तरी. बऱ्याच रुग्णांच्या दोन्ही पायांत ही रचना सापडते.