दप्तरात काय हवे, हे जूनआधी सांगा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



माझी मुलगी दुसरीत जाईल, मुलगा नववीत. मुलीला हलके दप्तर, दोन-तीन दुरेघी-चाररेघी वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि तिला स्वतःला उघडता येईल अशी पाण्याची बाटली पुरेशी आहे. मुलाला बऱ्यापैकी कंपास पेटी, प्रयोगवही, आलेखाचे कागद आणि विषयवार वह्या लागतील. दोघांना रेनकोट हवाच, कारण आपल्याकडे शाळा आणि पाऊस बरोबरच सुरू होतात. एवढी खरेदी साधा पालक नीट करू शकतो. पण ती करू दिली जात नाही, म्हणून हे पत्र.

दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, हा आपल्याच विभागाचा २०१५ चा निर्णय आहे. तोही उच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर झाला. पुढे केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो ही मर्यादा आखली आणि दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये, असेही म्हटले. मुलीच्या शाळेने दिलेल्या यादीत मात्र विषयागणिक वर्गाची वही वेगळी आणि गृहपाठाची वेगळी. जो गृहपाठ द्यायचाच नाही, त्याच्या वह्या सात वर्षांच्या पोरीने पाठीवर का वाहायच्या? आपल्या विभागातल्या कुणी गेल्या वर्षी एखाद्या शाळेच्या दारात वजनकाटा लावून दप्तरे तोलली का? तोलली असतील, तर त्याचे पुढे काय झाले?

ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यांतच वहीची पाने जोडली गेली. जानेवारी २०२५ मध्ये हा प्रयोग गुंडाळण्यात आला. प्रयोग फसू शकतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुस्तकात पाने असूनही शाळा वेगळ्या वह्या मागत होत्या, हे आपल्याला ठाऊक होते. त्या दोन वर्षांत पालकांनी दुहेरी खर्च केला आणि तो का करावा लागला, हे कुणी सांगितले नाही.

गणवेशाचेही तेच. २०२४-२५ मध्ये मोफत गणवेशांचे कापड एकाच ठिकाणाहून घेऊन शिलाई बचत गटांकडे देण्याचे ठरले. शाळा जूनमध्ये उघडल्या आणि अनेक मुलांनी स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदनही जुन्या कपड्यांत केले. डिसेंबरमध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. वाढत्या वयाचे मूल सहा महिन्यांत केवढे उंच होते, हे मंत्रालयात ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. एका गणवेशाला सरकारकडून ३०० रुपये. एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे यांना मिळून १७० रुपये. या पैशांत चिखलातून रोज चालणाऱ्या पायात वर्षभर टिकतील असे बूट कोणत्या दुकानात मिळतात, तेवढे कृपया कळवा. मी स्वतः जाऊन आणीन.

खासगी शाळांतल्या खरेदीच्या सक्तीविषयी तर दर उन्हाळ्यात आपल्याकडून इशारा निघतो. तरीही शाळेचे नाव छापलेल्या वह्या, ठरावीक दुकानातले बूट आणि न फोडता घ्यावा लागणारा संच हे सगळे चालूच आहे. नववीच्या मुलाची गेल्या वर्षीची कंपास पेटी धडधाकट असली, तरी संचात नवी येतेच. सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. ती सवलत या संचाच्या किमतीत उतरली का, हे तपासायचे कुणी? तक्रार करा, असे आपण म्हणाल. ज्या वर्गशिक्षिकेच्या हाती माझे मूल दिवसभर असते, तिच्याच शाळेविरुद्ध नावानिशी तक्रार करायला आपण आपल्या घरात कुणाला सांगाल का?

मागणी मोठी नाही. प्रत्येक इयत्तेला कोणते साहित्य खरोखर लागते आणि कोणते मागता येणार नाही, याची यादी मे महिन्यात प्रसिद्ध करा. ती प्रत्येक शाळेच्या फलकावर लावणे बंधनकारक करा. मागच्या वर्षीचे चांगले साहित्य वापरण्याचा मुलाचा हक्क तिच्यात लिहा. नाव गुप्त ठेवून तक्रार नोंदवता येईल, अशी सोय करा आणि जुलैत किती शाळांची तपासणी झाली, ते जिल्हावार जाहीर करा.

यातले काय आपण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, याचे लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
एक पालक